मुदतीची तारीख मधूनच एका दिवसाने चुकते? आधी चुकलेल्या नोंदींच्या तारखा मांडा

बिल मंजूर झालं की तीस दिवसांनंतरची मुदत काढायची, मुदतीच्या तीन दिवस आधी रिमाइंडर पाठवायचा, मुदत उलटली की वरिष्ठांना कळवायचं. कागदावर तीन ओळींचं काम. आमच्याकडे हा वर्कफ्लो वर्षभर चालला आणि त्या वर्षात त्यातली तारीख चार वेळा "दुरुस्त" झाली. प्रत्येक वेळी दोन-तीन आठवडे शांतता, मग पुन्हा कुणाचा तरी मेल: "मुदत १० जुलै हवी होती, सिस्टिम ९ दाखवतेय." ये रे माझ्या मागल्या.

चौथ्या वेळी मी सूत्र उघडलंच नाही. चुकलेल्या नोंदींची यादी काढली आणि एकाच रकान्याकडे बघत बसलो: नोंद तयार झाली तो दिवस आणि ती वेळ. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तारखेचा घोळ लहरी वाटतो, पण तोही कॅलेंडर पाळतो. कोणत्या तारखांना चुकतं, कोणत्या वेळी चुकतं आणि नेमकं किती दिवसांनी चुकतं, या तीन गोष्टी शेजारी-शेजारी मांडल्या की कारण बहुतेक वेळा समोरच येतं. त्यामुळे खाली आधी खूण सांगतो, मग कारण आणि इलाज.

पहाटेच्या नोंदी चुकतात, दिवसाच्या बरोबर येतात

आमचा घोळ हा होता. एक नोंद अशी: मंजुरी १० जून २०२५, पहाटे २:१०. निघालेली मुदत ९ जुलै. त्याच दिवशी सकाळी ११ वाजता मंजूर झालेल्या दुसऱ्या बिलाची मुदत मात्र १० जुलै, म्हणजे बरोबर. दोघांना सूत्र एकच.

बहुतेक वर्कफ्लो साधनं "आत्ता"ची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतात. आमची स्थानिक वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे २:१० ला यूटीसीचं घड्याळ आदल्या रात्रीचे ८:४० दाखवतं आणि तारीख असते ९ जून. सूत्राने त्यात तीस दिवस मिळवले, ९ जुलै आली. सूत्राचं गणित चोख होतं, त्याला दिलेला दिवसच कालचा होता. स्थानिक मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत जे काही घडेल ते सगळं यूटीसीच्या हिशोबात "काल" घडलेलं असतं.

मग आधी कसं चुकत नव्हतं? कारण बिलं एकगठ्ठा मंजूर करणारं काम, म्हणजे बॅच, आधी रात्री ९ ला चालायचं. रात्री ९ म्हणजे यूटीसीचे दुपारचे साडेतीन, दिवस तोच. सर्व्हरवरचा भार कमी करायला कुणीतरी ती बॅच पहाटे २ ला नेली. "वर्कफ्लोला कुणी हात लावलेला नाही" असं सगळे छातीठोकपणे सांगत होते आणि ते खरंच होतं.

आता आमच्या आधीच्या दुरुस्त्या ऐका, कारण हे प्रकार मी इतरांच्या फ्लोमध्येही पाहिले आहेत. पहिल्यांदा तीसऐवजी एकतीस केले. पहाटेच्या नोंदी जागेवर आल्या, दिवसाच्या एक दिवस पुढे गेल्या. दुसऱ्यांदा अट घातली: नोंद बॅचमधून आली असेल तरच एकतीस. एके दिवशी बॅच अडकली आणि सकाळी सातला चालली, त्या दिवशीच्या सगळ्या मुदती ११ ऐवजी १२ तारखेच्या झाल्या. तिसऱ्यांदा अट वेळेवर नेली: पाचच्या आत असेल तर एकतीस. त्यात पाच ते साडेपाच हा अर्धा तास उघडा राहिला आणि त्याच फटीतून पुढची तक्रार आली. एक दिवस कमी पडतोय म्हणून एक मिळवणं हा इलाज नाही. सूत्रात कुठेही बेवारस "+१" दिसला, शेजारी तो का आहे हे लिहिलेलं नसलं, तर तपास तिथूनच सुरू करा.

खरा इलाज क्रमाचा आहे: आधी यूटीसीची वेळ स्थानिक वेळेत बदला, मग तास-मिनिटं छाटून फक्त दिवस ठेवा, मग दिवस मिळवा. आमच्या जुन्या फ्लोमध्येही स्थानिक वेळेत बदलणारी पायरी होती, पण शेवटी. तोपर्यंत तारखेतला वेळेचा भाग छाटला गेला होता. "९ जुलै, शून्य वाजता" याचं स्थानिक वेळेत रूपांतर केलं तर ९ जुलै पहाटे साडेपाचच मिळणार. हरवलेला दिवस नंतर परत येत नाही.

रूपांतर करताना साडेपाच तास हाताने मिळवू नका, टाइम झोनचं नाव द्या. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे नेतात तिथे हाताने मिळवलेले तास वर्षातले काही महिने चुकतात. नावांतही खाचखळगे आहेत. विंडोजच्या यादीतली नावं वेगळी, आयएएनए या झोनची जागतिक यादी ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीतली वेगळी. विंडोजमधला "जीएमटी स्टँडर्ड टाइम" हा लंडनचा झोन आहे आणि तो उन्हाळ्यात तासभर सरकतो. बारा महिने स्थिर राहणारा झोन "ग्रीनिच स्टँडर्ड टाइम". नाव वाचून निवडणारा माणूस इथे हमखास फसतो.

डेटामध्ये १८:३० दिसतंय

ही खूण इतकी कामाची आहे की तिला वेगळी जागा देतो. तारखेच्या रकान्यात "२०२५-०६-०९, १८:३० यूटीसी" अशा नोंदी रांगेने दिसल्या, प्रत्येकीची वेळ १८:३०, तर त्या कुणी संध्याकाळी साडेसहाला भरलेल्या नाहीत. कुणीतरी "१० जून" एवढीच तारीख निवडली, स्क्रीनने ती १० जूनची स्थानिक मध्यरात्र मानली आणि साठवताना यूटीसीत बदलली. त्या नोंदीची पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून वापरली की दिवस चुकला. तुमचा झोन वेगळा असेल तर आकडा वेगळा असेल. यूटीसीच्या पाच तास मागे असलेल्यांना सगळीकडे ०५:०० दिसेल.

उलटा प्रकारही आहे. जावास्क्रिप्टला "२०२५-०६-१०" अशी फक्त तारखेची ओळ दिली की ते तिला यूटीसीची मध्यरात्र समजतं. यूटीसीच्या पुढे असलेल्या ठिकाणी ती १० जूनची पहाट किंवा सकाळ दिसते, सगळं आलबेल. मागे असलेल्या ठिकाणी तीच ओळ ९ जूनची संध्याकाळ होते. त्यामुळे "आमच्याकडे बरोबर दिसतंय, पलीकडच्या ऑफिसला चुकीचं दिसतंय" असा वाद रंगतो आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

मुळात "मुदत १० जुलै" हा क्षण नसून दिवस आहे. मंजुरीचं बटण दाबलं तो क्षण, त्याला वेळ आणि झोन हवेतच. मुदत, जन्मतारीख, सुट्टी, करार लागू होण्याची तारीख हे नुसते दिवस. डेटाबेसमध्ये फक्त तारखेचा प्रकार असेल तर तो वापरा, नसेल तर आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या धर्तीवर वर्ष-महिना-दिवस असा साधा मजकूर ठेवा. काही जण दुपारी बाराची वेळ चिकटवून ठेवतात, म्हणजे इकडे-तिकडे झालं तरी दिवस तोच राहील. युक्ती बरीचशी चालते, पण यूटीसीच्या बारा तास किंवा त्याहून पुढे असलेल्या ठिकाणी गळपटते, आणि असे झोन आहेत: न्यूझीलंड बारा, किरिबातीची काही बेटं तर चौदा तास पुढे.

महिन्याच्या १ ते १२ तारखेला चुकतं, १३ नंतर बरं चालतं

ही दिवस-महिना अदलाबदल. ०३/०४/२०२५ ही कुणाची ३ एप्रिल, कुणाची ४ मार्च. साधन ज्या देशाच्या सेटिंगवर चालतंय त्याप्रमाणे वाचतं. १३ तारखेपासून पुढे महिना तेरावा असू शकत नाही, त्यामुळे काही साधनं मुकाट्याने दुसरा अर्थ घेतात, काही त्रुटी दाखवतात, एक्सेल तो मजकूर म्हणून तसाच डावीकडे चिकटवून ठेवतं. म्हणून दोन चित्रं दिसतात: पहिले बारा दिवस चुकीचं आणि मग अचानक बरोबर, किंवा पहिले बारा दिवस "चालतंय" आणि तेरापासून लाल खुणा. दुसऱ्या चित्रात लोक तेरापासूनची चूक शोधतात. चूक तर १ तारखेपासूनच असते, फक्त बोलत नसते.

बारा गुणिले बारा, म्हणजे वर्षातल्या १४४ तारखा अशा दोन्ही बाजूंनी वाचता येतात. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा तारखांना उलटं वाचूनही फरक पडत नाही. उरलेल्या १३२ दिवशी चुपचाप चूक होते. चाचणी ५ मे ला घेतली असेल तर तुमचं नशीब; ती उत्तीर्ण होणारच.

इलाज एकच: मजकूर आत येतो तिथेच, कोणत्या क्रमाने वाचायचा ते सांगून त्याची तारीख करा. वाचणाऱ्या फंक्शनला क्रम न सांगता "ओळख पाहू" म्हणू नका. आणि दोन सिस्टिममध्ये तारीख पाठवताना वर्ष आधी येईल असाच आकार ठेवा.

२९, ३०, ३१ तारखेला किंवा महिनाअखेरीला चुकतं

"एक महिन्यानंतर" याचा नेमका अर्थ कुठेच ठरलेला नसतो. ३१ जानेवारी २०२५ नंतर एक महिना? एक्सेलचं ईडेट २८ फेब्रुवारी देतं. जावास्क्रिप्टमध्ये महिन्याचा आकडा एकने वाढवला तर "३१ फेब्रुवारी" तयार होते आणि ती घरंगळत ३ मार्चला जाते. एकाच प्रक्रियेतली एक पायरी शीटमध्ये आणि दुसरी कोडमध्ये असेल तर दोघांची मुदत जुळणार नाही, आणि हे फक्त महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवशीच दिसेल.

याहून चिवट प्रकार म्हणजे घसरण. दर महिन्याला मागच्या मुदतीत एक महिना मिळवायचा, अशी रचना असेल तर ३१ जानेवारीनंतर २८ फेब्रुवारी येते, मग २८ मार्च, २८ एप्रिल. फेब्रुवारीने एकदा खाली ओढलेली तारीख परत वर येत नाही. करार ३१ चा, हप्ता कायमचा २८ ला. इथे मागच्या तारखेवर पुढची रचायची नाही. मूळ तारीख जपून ठेवायची आणि दर वेळी तिच्यातच एक, दोन, तीन महिने मिळवायचे. ३१ जानेवारी अधिक दोन महिने म्हणजे ३१ मार्चच.

पण ३० एप्रिलला सुरू झालेल्या करारात पुढची तारीख ३० मे की ३१ मे? "दर महिन्याची ३०" की "दर महिन्याची अखेर"? नुसत्या तारखेवरून हे कळूच शकत नाही. नियमाचा वेगळा रकाना लागतो आणि तो भरायचं काम करार करणाऱ्याचं. सूत्र लिहिणाऱ्याने अंदाज बांधू नये, असं माझं ठाम मत आहे. महिनाअखेर हवी असेल तर एक्सेलचं ईओमंथ वापरा आणि ३१ हा आकडा कुठेही लिहू नका.

त्याच जातीचे आणखी दोन. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं साधन) ३१ तारखेला लावलेलं काम वर्षातून सातच महिने चालतं, बाकी पाच महिने ते न चालता गप्प बसतं, त्रुटीसुद्धा येत नाही. (क्रॉनमध्ये तारीख आणि वार दोन्ही दिले तर बहुतेकांना वाटतं दोन्ही जुळल्यावर चालेल. नाही. "१३ तारीख" आणि "शुक्रवार" लिहिलंत तर ते प्रत्येक १३ ला आणि शिवाय प्रत्येक शुक्रवारी चालतं.) दुसरा, महिन्याच्या अहवालातून शेवटचा दिवसच गायब होणं. "१ मार्च ते ३१ मार्चच्या दरम्यान" अशी अट वेळ असलेल्या रकान्यावर लावली की ३१ मार्च म्हणजे ३१ ची मध्यरात्र धरली जाते आणि त्या दिवसभराच्या नोंदी बाहेर राहतात. अट "१ मार्चपासून, १ एप्रिलच्या आधी" अशी लिहा.

कामकाजाचे दिवस: एक दिवस इकडे की तिकडे

"पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्या." हे वाक्य लिहिणाऱ्या दोन माणसांना वेगवेगळं विचारा, दोन उत्तरं मिळतील. साधनंही तशीच. सोमवार ९ जून २०२५ ते शुक्रवार १३ जून, यात एक्सेलचं नेटवर्कडेज पाच दिवस मोजतं, कारण ते दोन्ही टोकं धरतं. एक्सेलच्याच वर्कडेला ९ जून आणि पाच दिवस दिले तर ते सोमवार १६ जून सांगतं, कारण ते पहिला दिवस धरत नाही. मुदत एकाने काढायची आणि "किती दिवस लागले" हे दुसऱ्याने मोजायचं, म्हणजे अगदी वेळेत झालेलं कामही सहा दिवस लागले म्हणून लाल दिसतं. आमच्या डॅशबोर्डवर हे बराच काळ होतं आणि बिचाऱ्या टीमने त्यावर खुलासेही लिहिले होते.

म्हणून सूत्राआधी प्रक्रियेच्या मालकाकडून काही उत्तरं लेखी घ्या. पहिला दिवस मोजायचा का? संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर आलेली विनंती कोणत्या दिवसाची? मुदत सुट्टीच्या दिवशी पडली तर पुढे ढकलायची की मागे आणायची? शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. ३१ मे २०२५ ला शनिवार होता. पुढे ढकललं तर २ जून, म्हणजे महिनाच बदलला आणि हिशोब दुसऱ्या महिन्यात गेला. यासाठी वित्त व्यवहारात "मॉडिफाइड फॉलोइंग" नावाचा रिवाज आहे: पुढे ढकला, पण महिना ओलांडत असेल तर मागे या. त्याप्रमाणे मुदत ३० मे, शुक्रवार.

वारांचे आकडे हा आणखी एक चकवा. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेट या वर्कफ्लो साधनात रविवार शून्य आणि शनिवार सहा. एक्सेलच्या वीकडेमध्ये काही न सांगितल्यास रविवार एक. पायथॉनच्या वीकडेमध्ये सोमवार शून्य, रविवार सहा. "शून्य किंवा सहा असेल तर सुट्टी" ही अट पॉवर ऑटोमेटमधून उचलून पायथॉनमध्ये टाकली तर सोमवार सुट्टीचा आणि शनिवार कामाचा होतो. सोमवारीच काही पाठवलं जात नाही, अशी तक्रार आली तर आधी हे बघा. आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवार नसेल तर एक्सेलचं वर्कडे-इंटल वापरा. त्यात सात अंकांची ओळ देता येते, सोमवारपासून सुरू, सुट्टीला १. शुक्रवार-शनिवार सुट्टी म्हणजे ००००११०.

सुट्ट्यांच्या यादीचे आजार दोनच, पण दोन्ही गुपचूप. एक, यादी संपते. तिच्यात डिसेंबरपर्यंतच्याच सुट्ट्या असतात, नवीन वर्षाची यादी भरायची राहते आणि जानेवारीतले सगळे दिवस कामाचे ठरतात. डिसेंबरमध्ये काढलेल्या, जानेवारीत पडणाऱ्या मुदतीही चुकतात, म्हणून खूण डिसेंबरच्या मध्यापासूनच दिसू लागते. इलाज म्हणजे सूत्राआधी एक तपासणी: निघालेल्या मुदतीच्या वर्षाची यादी भरलेली नसेल तर फ्लो थांबवा, त्रुटी दाखवा. चुकीची तारीख पाठवण्यापेक्षा अडलेला फ्लो परवडला. दोन, यादीतली तारीख आणि आपली तारीख मजकूर म्हणून जुळत नाही. एकीकडे "२०२५-१२-२५", दुसरीकडे त्याच तारखेच्या शेपटाला वेळ आणि झोन. माणसाला दोन्ही एकच, तुलनेला वेगळ्या. सुट्टी यादीत असते, तरी कधीच लागू होत नाही. तुलनेआधी दोन्ही एकाच आकारात आणा.

आणि एक दिवस मिळव, शनिवार-रविवार आहे का बघ, सुट्टी आहे का बघ, असं फेऱ्या मारत मोजत असाल तर फेऱ्यांची मर्यादा तपासा. पॉवर ऑटोमेटमधल्या "डू अनटिल"ला मुळात ६० फेऱ्यांची मर्यादा असते. ४५ कामकाजाचे दिवस म्हणजे नऊ आठवडे, म्हणजे किमान ६३ फेऱ्या. पाच-दहा दिवसांच्या मुदतीवर चाचणी घेतली तर हे कधीच उघडं पडत नाही.

अडकलेला रन पुन्हा चालवला की चुकतं

हा प्रकार ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण चुकणाऱ्या नोंदींमध्ये ना तारखेचं साम्य होतं ना वेळेचं. साम्य एवढंच की त्यांचा रन, म्हणजे फ्लोची ती फेरी, आधी एकदा फेल झालेला होता. सोमवारी मेल सर्व्हरने नकार दिला, फ्लो पडला, कुणीतरी गुरुवारी "पुन्हा चालवा" दाबलं. फ्लोने "आत्ता" विचारलं, गुरुवार मिळाला, मुदत तीन दिवस पुढे गेली.

मंजुरीची वाट बघणाऱ्या फ्लोमध्येही हेच घडतं. वर एकदा "आत्ता" घेतलंय, मंजुरीची पायरी दोन दिवस थांबते, खाली पुन्हा "आत्ता" घेतलंय. वरच्या मेलमध्ये एक मुदत आणि खालच्या नोंदीत दुसरी.

"आत्ता" हे उत्तर विचारावं तेव्हा वेगळं येतं, म्हणून ते मोजणीचा पाया होऊ शकत नाही. जी घटना घडली तिची तारीख नोंदीतच असते: बिल मंजूर झालं ती वेळ, फॉर्म भरला ती वेळ. तीच घ्या. घटना नसेलच, वेळापत्रकावर चालणारा फ्लो असेल, तर सुरुवातीला एकदाच "आज" काढून व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि पुढे सगळीकडे तेच वापरा. याचा एक जास्तीचा फायदा आहे, खाली चाचणीत सांगतो.

फ्लोला मुदतीपर्यंत झोपवून ठेवण्याची सवय असेल तर तीही सोडा. पॉवर ऑटोमेटमध्ये एक रन जास्तीत जास्त ३० दिवस जगतो. ४५ दिवसांचा डिले लावलात तर रिमाइंडर जाण्याआधीच रन गेलेला असतो. मुदत टेबलमध्ये लिहा आणि रोज एकदा चालणारा वेगळा फ्लो ठेवा. पण त्याची अट "मुदत आजची आहे" अशी नको. तो फ्लो एखाद्या दिवशी चाललाच नाही तर त्या दिवसाचे रिमाइंडर कायमचे बुडतात. "मुदत आजची किंवा त्याआधीची, आणि रिमाइंडर अजून पाठवलेला नाही" अशी अट ठेवा आणि पाठवल्यावर खूण करा. मग दोन दिवस बंद पडला तरी तिसऱ्या दिवशी राहिलेलं सगळं उरकतो.

चुकीचा आकडाच कारण सांगतो

काही घोळ फरकाच्या आकड्यावरूनच ओळखता येतात.

सगळ्याच तारखा बरोबर दोन दिवस पुढे: एक्सेल तारीख ज्या अनुक्रमांकाच्या रूपात साठवतं तो १ जानेवारी १९०० मध्ये थेट मिळवला. एक्सेल त्या दिवसाला शून्य न धरता एक धरतं, शिवाय १९०० हे लीप वर्ष नसतानाही तसं मानतं; ही जुनी चूक लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटशी जुळवून घ्यायला मुद्दाम तशीच ठेवलेली. म्हणून १९०० च्या मार्चपासून पुढच्या तारखांसाठी पाया ३० डिसेंबर १८९९ धरा. ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. तुमच्याकडे १७ मार्च आली तर हेच झालंय. रकान्यात तारखेऐवजी असा पाच अंकी आकडा येत असेल तर एक्सेलमधून वाचणाऱ्या पायरीत तारीख आयएसओ ८६०१ आकारात मागायची सोय आहे का ते आधी पाहा.

फरक १४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस: फाइल १९०४ च्या तारीख पद्धतीवर आहे, जुन्या मॅकचा वारसा.

सगळं जानेवारी १९७० मध्ये: १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या वेळेचे मिलिसेकंद हवे तिथे सेकंद दिलेत. दहा अंकी आकडा सेकंदांचा, तेरा अंकी मिलिसेकंदांचा.

महिना ४७ वा किंवा ००: फॉरमॅटमध्ये मोठ्या एमऐवजी छोटा एम पडला आणि महिन्याच्या जागी मिनिटं आली. तासाच्या एक ते बारा या मिनिटांत चालवलं तर हे चक्क खरं वाटतं.

फक्त डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत वर्ष एकने पुढे: जावासारख्या ठिकाणी छोट्या वायऐवजी मोठा वाय. मोठा वाय आठवड्याचं वर्ष देतो. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार आयएसओच्या हिशोबात २०२५ च्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणून तारीख ३० डिसेंबर २०२५ छापली जाते.

दोन तारखांमधला फरक कधी शून्य, कधी एक: वेळ न छाटता वजाबाकी केली. काल रात्री अकरा ते आज सकाळी दहा यात अकराच तास आहेत, पूर्णांकात शून्य दिवस. आधी दोन्हींची दिवसाची सुरुवात घ्या, मग वजा करा.

दुरुस्तीनंतर कोणत्या तारखांवर चालवून बघायचं

"आज" व्हेरिएबलमध्ये ठेवलं असेल तर तिथे हवी ती तारीख घालून फ्लो चालवता येतो. इतके दिवस मी महिनाअखेरीची वाट बघत बसायचो. माझी यादी अशी: ३१ जानेवारी, २९ फेब्रुवारी २०२८, ३ एप्रिल, ३० एप्रिल, ३० डिसेंबर, शुक्रवार संध्याकाळ, सुट्टीच्या आदला दिवस, पहाटे २:१० आणि पहाटे ५:१५. प्रत्येकीसमोर अपेक्षित मुदत आधी हाताने, भिंतीवरचं कॅलेंडर बघून लिहायची. फ्लोने दिलेलं उत्तर बघून "बरोबर वाटतंय" म्हणायचं नाही, कारण तारीख ही गोष्ट नेहमीच बरोबर वाटते. परदेशात वापरणारे असतील तर घड्याळ बदलण्याचे दिवसही घ्या: अमेरिकेत मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, युरोपीय संघात मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. त्या दिवशी "चोवीस तासांनंतर" आणि "उद्या याच वेळी" यात एका तासाचा फरक पडतो.

आधीच चुकलेल्या नोंदी

सूत्र सुधारल्यावर जुन्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत, आणि सरसकट पुन्हा मोजूही नका. काही मुदती लोकांनी हाताने बदललेल्या असतात, काहींवर ग्राहकाशी बोलणं झालेलं असतं. आम्ही नवीन मुदत वेगळ्या रकान्यात काढली, जुनीतून नवी वजा केली आणि फरक असलेल्याच नोंदी बाजूला घेतल्या. फरक उणे एक आणि मंजुरी मध्यरात्र ते साडेपाचच्या दरम्यान, तर मूळ बिघाड. फरक अधिक एक आणि मंजुरी दिवसाची, तर आमची "एकतीस"वाली कृपा. या दोन गटांमध्ये हाताने बदल झालेला नाही हे लॉगवरून पाहून त्या एकदम बदलल्या. जिथे फरक दोन-चार दिवसांचा होता तिथे बहुतेक कुणीतरी जाणूनबुजून मुदत वाढवून दिली होती, त्यांना हात लावला नाही.

अडचण आली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या दुरुस्तीच्या काळातल्या नोंदींची. त्या काळात कोणती नोंद कोणत्या नियमाने निघाली हे टेबलवरून कळत नव्हतं. फ्लोमधला बदल कधी चालू झाला ते जुन्या मेलमधून शोधावं लागलं. तेव्हापासून मुदतीच्या शेजारी दोन छोटे रकाने आहेत: मोजणी कोणत्या तारखेपासून धरली आणि नियमाची कितवी आवृत्ती. सध्या तिथे ५ दिसतो.